फुप्फुसाचा कर्करोग : उपचार कसा ठरतो?

घरात कोणाला फुप्फुसाचा कर्करोग निघाला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "यावर सगळ्यात चांगले औषध कोणते?" एखाद्या ओळखीच्याला गोळ्यांनी गुण आलेला असतो, दुसऱ्याचे केमोने हाल झालेले असतात, आणि त्यावरून आपल्या रुग्णाचा अंदाज बांधला जातो. डॉक्टरांपुढचा प्रश्न मात्र निराळा असतो. याच माणसाला, रोगाच्या या टप्प्यावर, कोणता उपचार सोसेल आणि त्यातून काय मिळेल? आपले सभासद व विद्यार्थी यांना हे समजावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे क्षयाचीही आहेत. त्यामुळे नुसत्या एक्स-रेवरून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, निदान पक्के होत नाही. लहान पेशींचा प्रकार निघाला तर तो झपाट्याने पसरतो; तेथे शस्त्रक्रिया क्वचितच, भर केमो व किरणांवर. इतर प्रकारांत टप्पा पाहतात. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात फुप्फुसाचा रोगट खंड काढून टाकणे उत्तम. पण त्याआधी नळीत फुंकायला लावून उरलेले फुप्फुस श्वासाला पुरेल काय हे बघतात. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्याला ते पुरेलच असे नाही. मग नेमक्या किरणांचा विचार होतो. तिसऱ्या टप्प्यात बहुधा केमो व किरणे एकत्र देतात.

चौथ्या टप्प्यात खरी कसोटी लागते. रोग मुळापासून जाणे येथे सहसा शक्य नसते. आयुष्य वाढवायचे आणि त्रास कमी करायचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास पाहा. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेले ३५० रुग्ण घेतले. साधारण निम्म्यांना जेफिटिनिबची गोळी दिली, बाकीच्यांना गोळी आणि केमो दोन्ही. नुसत्या गोळीने रोग सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्हींनी १६ महिने. पण गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, तरी हा हिशेब सुटलेला नाही. चालता-फिरता रुग्ण जे सोसेल, ते जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणावर असणाऱ्याला सोसेलच असे नाही. म्हणूनच डॉक्टर "घरातली कामे स्वतः करता का?" असे विचारतात. तो प्रश्न गप्पांसाठी नसतो. खरे उत्तर द्यावे.

खर्च व प्रवासही तोलावे लागतात. टाटाचेच खारघरचे केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, तरी गागोदे बुद्रुकहून पेण, पनवेल करीत दर तीन आठवड्यांनी केमोला जाणे अशक्त माणसाला सोपे नाही. बँकेत ठेव मोडायला आलेली माणसे आम्ही पाहतो. उपचाराने काय साधणार आहे हे त्यांतील अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी ठेव मोडण्याआधी करावी.

वेदनाशामक सेवा म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या रोगाच्या ज्या रुग्णांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, ते सरासरी ११.६ महिने जगले, इतर ८.९ महिने.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत रुग्णालाच रोगाचे नाव सांगत नाहीत. विनोबा भावे १८९५ साली गागोदे बुद्रुकला जन्मले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न व औषध नाकारले. १५ तारखेला त्यांचे निधन झाले. तो निर्णय सर्वांना पटेल असे नाही, आम्हालाही तो कोणाला सुचवायचा नाही. पण आपल्याला काय झाले आहे हे त्यांना माहीत होते. आपल्याकडचा रुग्ण केमो घ्यायची की नाही हे रोगाचे नावही ठाऊक नसताना कसे ठरवणार?

मोठ्या रुग्णालयात जाताना बायोप्सीचा अहवाल, काचपट्ट्या, स्कॅनची सीडी आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा बरोबर न्यावा. ठोकळा पहिल्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावा लागतो. जनुकाची तपासणी बहुधा त्याच्यावरच होते आणि पुन्हा सुई टोचणे टळते.