परतीचा माल : एजन्सी निवडायची कशी?

होस्टेलच्या गेटवर रोज पार्सलं येतात, तशी काही उलटीसुद्धा जातात! बूट पायात बसत नाहीत, हेडफोनचा एक कान बंद, की लगेच रिटर्न. ग्राहकाकडून माल मागे नेण्याच्या या कामाला रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात. बऱ्याच कंपन्या ते बाहेरच्या एजन्सीला देतात. ही एजन्सी निवडायची कशी, ते मी इथे सांगणार आहे.

कल्पना काही नवीन नाही. गॅसवाला भरलेलं सिलिंडर देऊन रिकामं नेतो. मुंबईचे डबेवाले तर १८९० पासून हेच करत आले. डब्यावरच्या खुणांवरून तो ऑफिसात पोहोचतो आणि खुणांवरूनच रिकामा घरी येतो. इथे परतीची वाट आधीच ठरलेली असते. पार्सलचं तसं नाही. कोण, कुठून, कधी परत करेल हे कळत नाही, म्हणूनच ते काम अवघड. मग एजन्सीला चार प्रश्न विचारायचे.

१) पोहोच किती? आपला जिल्हा बघा. मुंबई-हावडा रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते, पण घाटावरच्या मेहकर-लोणारला रेल्वे नाही. तिथल्या एका पार्सलसाठी वेगळी गाडी परवडणार नाही. जिची गाडी डिलिव्हरीसाठी रोज तिकडे जातेच, तीच एजन्सी बरी.

२) तपासणी कुठे? खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. समजा तिथल्या दुकानदाराने चांदीचं निरांजन ऑनलाइन विकलं आणि ते परत आलं. वजन ग्राहकाच्या दारातच करून सील लावलं नाही, तर वस्तू कुठे बदलली हे कोण सांगणार?

३) दिवस किती? समजा माल पडून राहिला की दिवसाला ४ रुपये किंमत घटते. 'अ' एजन्सी ६० रुपये घेते, २० दिवस लावते. एकूण तोटा ६० + ८० = १४० रुपये. 'ब' ८५ घेते, पण ६ दिवसांत आणते. तोटा ८५ + २४ = १०९ रुपये. म्हणजे स्वस्त वाटणारी 'अ' प्रत्येक नगामागे ३१ रुपयांनी महाग पडली!

४) शेवटी माल जातो कुठे? चांगला असेल तर पुन्हा विक्रीला, थोडा बिघडलेला असेल तर दुरुस्तीला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार निकामी इलेक्ट्रॉनिक माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. भंगारवाल्याला दिला की विषय संपला, असं चालत नाही.

या चारही गोष्टी, आणि नुकसान झालं तर भरपाई कोणाची, हे करारात लिहून घ्यावं. नुसता दर बघून सही करू नये. कारण माल वाटेत अडकला की रिफंडही अडकतो, आणि आपल्यासारख्यांसाठी ते कधी कधी अख्ख्या महिन्याच्या मेसचे पैसे असतात. उद्या आपल्यापैकी कोणी कंपनीत अशा करारावर सही करेल, तेव्हा गेटवर रिटर्नची वाट बघणारा होस्टेलचा मुलगा जरूर आठवावा.