गोळ्या नको, दिवस मोज

बासरला ज्ञान सरस्वतीच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर सुमनचं अक्षराभ्यासाच्या, म्हणजे मुलांनी पहिलं अक्षर गिरवायच्या विधीच्या, सामानाचं दुकान आहे. कागदोपत्री गाव 2016 मध्ये निर्मल जिल्ह्यात गेलं, तरी सुमन पत्ता सांगताना आदिलाबादच म्हणते. तिची शोभामावशी नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली सिस्टर. सकाळची गर्दी ओसरल्यावर दोघींचं झालेलं हे बोलणं.

सुमन : मावशी, डोकेदुखीची गोळी आता पहिल्यासारखी लागूच पडत नाही बघ. पॉवर कमी केली की काय कंपनीनं?

मावशी : कंपनीला नंतर धरू. महिन्यातनं किती घेतेस ते सांग. गोळ्या नको सांगूस, दिवस सांग. एका दिवसात दोन घेतल्या तरी तो एकच दिवस.

सुमन : आठवड्यातनं चार-पाच दिवस होतातच. सकाळी दुकान उघडायच्या आधीच एक घेऊन टाकते. ऐन गर्दीत डोकं उठलं तर गिऱ्हाईक कोण बघणार?

मावशी : म्हणजे दुखत नसतानाही?

सुमन : दुखेल म्हणून.

मावशी : कधीपासून?

सुमन : मागच्या दिवाळीपासून. आधी अर्धशिशी महिन्यातनं दोन-तीनदा यायची. उलटी व्हायची, अंधारात पडून राहिलं की उतरायची. आता तशी जोरात नाही येत, पण उठल्यापासून डोकं धरलेलंच असतं.

मावशी : मग ही तुझी जुनी अर्धशिशी नुसती नाही. तिच्यावर गोळीनं आणलेलं दुखणं चढलंय.

सुमन : काहीतरीच! दुखणं थांबवायची गोळी दुखणं कशी आणेल?

मावशी : ऐकायला उलटं वाटतं खरं. पण हा आजार डॉक्टरांच्या यादीत वेगळा नोंदलेला आहे. ज्याला आधीपासून डोकेदुखी आहे त्याचं डोकं महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस दुखायला लागलं, आणि तो तीन महिन्यांहून जास्त काळ सारखा गोळ्या घेत असेल, तर संशय गोळीवर घ्यायचा. जगात शंभरातल्या एक-दोघांना हा त्रास आहे, त्यात बायकाच जास्त.

सुमन : सारखा म्हणजे किती?

मावशी : साधी पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, ब्रुफेन असेल तर महिन्यातले 15 दिवस. मिश्र गोळी, अर्धशिशीची खास गोळी किंवा ट्रामाडॉलसारखं कडक औषध असेल तर 10 दिवसच. तुझी कुठली आहे? पाकीट उलटं करून वाच.

सुमन : सॅरिडॉन. पॅरासिटामॉल 250, प्रोपिफेनाझोन 150, कॅफिन 50. कॅफिन म्हणजे चहातलंच ना?

मावशी : तेच. तीन औषधं एकात, म्हणजे तुझी हद्द 10 दिवसांची. तू ती कधीच ओलांडलीस.

सुमन : ही तर मध्ये बंद झाली होती म्हणे?

मावशी : 2018 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं 328 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात हिचं नाव होतं. सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात विक्री चालू ठेवू दिली आणि 2019 मध्ये ती बंदीतून सुटली. पण तो वाद औषधं एकत्र कालवायला आधार आहे का, याचा होता. रोज घेतल्यानं डोकं दुखतं, यावर कुणी भांडलं नाही. मला विचारशील तर पाकिटावर दिवसांची हद्द ठळक छापली तरी पुष्कळ काम होईल.

सुमन : थांब, मला एक पटत नाही. आमच्या सासूबाई गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं रोज गोळी खातात. त्यांचं डोकं तर कधी दुखत नाही.

मावशी : बरोबर पकडलंस! ज्यांचं डोकं मुळातच दुखरं नाही, त्यांनी सांधेदुखीसाठी रोज गोळी घेतली तरी हा आजार सहसा होत नाही. अर्धशिशीवाल्या बाईनं मात्र कमरेसाठी घेतली तरी डोकं बिघडू शकतं. म्हणजे बी आधी मेंदूत असावं लागतं. वेदना ओळखणाऱ्या नसा सततच्या गोळीनं जास्तच हळव्या होतात, असं समजतात. औषध उतरलं की त्या पुन्हा ठणकतात, मग पुन्हा गोळी. पण सासूबाई सुटल्या असं नको समजूस. त्यांचं पोट आणि मूत्रपिंड तपासून घ्यायला हवं.

सुमन : त्या बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, मान खाली, पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. सगळ्या बायकांच्या पदराच्या गाठीला गोळी असायचीच.

मावशी : स्वित्झर्लंडच्या घड्याळ कारखान्यांत हेच होतं. बारीक काम, मान खाली, आणि फेनासेटिन असलेल्या गोळ्या-पुड्यांची सवय. 1953 साली तिथल्याच दोन डॉक्टरांनी अशा गोळ्यांशी मूत्रपिंडाच्या आजाराचा संबंध दाखवला. पुढं फेनासेटिन बाजारातून गेलं. सॅरिडॉनमध्येही पूर्वी तेच होतं, नंतर त्याच्या जागी पॅरासिटामॉल आलं.

सुमन : मग आता मी काय करू? उद्यापासून बंद?

मावशी : तुझ्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी चालतात, बहुतेक डॉक्टर तेच सांगतात. पण ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर एकदम सोडायच्या नाहीत, त्या हळूहळू उतरवतात. म्हणून आधी मेंदूच्या डॉक्टरला दाखव, नांदेडला आहेत. आणि ऐक, बंद केल्यावर पहिले दिवस वाईट जातात. डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत. बायका इथंच हरतात. ‘बघा, गोळीविना मी मरते’ म्हणतात आणि पुन्हा पाकीट फोडतात.

सुमन : दहा दिवस दुकान कोण बघणार गं?

मावशी : म्हणून वसंत पंचमीच्या तोंडावर हात घालू नकोस. अक्षराभ्यासाला येणाऱ्या लेकराबाळांची झुंबड उरकू दे. डॉक्टर रोजची प्रतिबंधक गोळी देतील, प्रोप्रॅनोलॉल किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी. ती दुखणं थांबवायची नसते, येऊच नये म्हणून असते. दमा असेल तर आधीच सांग, प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. दोनेक महिन्यांत डोकं पुष्कळ हलकं होतं. मूळची अर्धशिशी राहील, पण तुला ओळखू येईल अशी, अधूनमधून येणारी.

सुमन : आणि परत सवय लागली तर?

मावशी : लागते. वर्षाच्या आत बऱ्याच जणी परत तिथंच येतात. त्या कालनिर्णयावर दुधाची खूण करतेस ना, तिथंच गोळीच्या दिवसाला फुली मार. आठवड्यात दोनच फुल्या, तिसरी नाही. आणि डोकं अचानक कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, ताप येऊन मान ताठली, हात-पाय लुळा पडला किंवा दिसेनासं झालं, तर फुल्या मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

सुमन : चहा तरी चालेल ना?

मावशी : दोन कप. आणि मोठा पेला नाही हं, कप.