सामायिक ड्राइव्ह आणि फाइलींचे अधिकार

घरातील एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असल्या की एक अडचण वारंवार येते. विंडोजच्या ड्राइव्हवरील फाइल लिनक्समध्ये उघडते. पण बदल साठवता येत नाही. ‘सीएचमॉड’ ही आज्ञा देऊनही अधिकार बदलत नाहीत. कारण जाणल्याविना निवारण नाही, ही धम्माची शिकवण येथेही उपयोगी पडते.

पहिले कारण विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’. त्यामुळे विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि लिनक्स तो ड्राइव्ह बहुधा केवळ वाचनासाठी जोडते. ही सोय प्रथम बंद करावी.

दुसरे कारण असे की, विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर लिनक्सचे अधिकार सहसा नोंदलेले नसतात. ड्राइव्ह जोडताना जे ठरते, तेच सर्व फाइलींना लागू होते. म्हणून ‘एफस्टॅब’ या फाइलीत त्या ड्राइव्हच्या ओळीत ‘यूआयडी’ने मालक ठरवावा आणि ‘डीमास्क’ ०२२ व ‘एफमास्क’ १३३ लिहावे.

वाचण्याचा अंक ४, लिहिण्याचा २, चालविण्याचा १. मास्क म्हणजे काढून घेतलेले अधिकार. ७७७ मधून ते वजा होऊन फोल्डरला ७५५ व फाइलीला ६४४ उरतात. मालक लिहितो, इतर केवळ वाचतात.

सर्वांना ७७७ देणे सोपे खरे; परंतु मग धाकट्या भावंडाच्या एका चुकीने थोरल्याचा वर्षभराचा प्रकल्प पुसला जाऊ शकतो. आवश्यक तेवढाच अधिकार द्यावा. सामायिक वस्तू अशीच सुरक्षित राहते.