एकच बहार

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. मोसंबीच्या झाडाला वर्षातून तीन वेळा फुलण्याची ओढ असते. आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार असे हे तीन बहार होत. परंतु जाणता बागायतदार त्यांपैकी एकच बहार धरतो. त्याआधी काही दिवस तो झाडाचे पाणी तोडतो. यालाच ताण देणे म्हणतात. या काळात झाड विसावा घेते आणि पुढे खत-पाणी मिळताच फुलांनी भरून जाते. लोभाने सगळे बहार घेणाऱ्याची बाग मात्र थोड्याच वर्षांत खंगते.

धावपटूचेही असेच आहे. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत एक चपळ मुलगा होता. पंधराशे मीटरच्या शर्यतीत त्याला कोणी गाठू शकत नसे. तालुक्याची स्पर्धा, जत्रेतील शर्यत, शेजारच्या गावातील बक्षिसाची दौड, जेथे शर्यत असे तेथे आम्ही त्याला पाठवीत होतो. कपाटात ढाली जमल्या. पण वर्ष सरता सरता तो मागे पडू लागला; त्याच्या नडग्या दुखू लागल्या. एके दिवशी तो म्हणाला, ''गुरुजी, आता धावावेसेच वाटत नाही.'' दोष त्याचा नव्हता. आम्हा मोठ्यांचा होता.

असे का होते? शर्यतीत धावपटू आपली सारी शक्ती पणाला लावतो. त्याचे स्नायू शिणतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ही झीज भरून येते ती विश्रांतीत आणि झोपेत. याउलट, नियमित सरावाने हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात. हे काम महिनोन्‌महिने चालते. दर आठवड्यास शर्यत असेल, तर आधीचे दोन दिवस तिच्या तयारीत व नंतरचे दोन दिवस शीण घालविण्यात जातात. मग सराव करावा केव्हा?

इंग्लंडमधील रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकीय विद्यार्थी एक मैल चार मिनिटांच्या आत धावण्यासाठी झटत होता. सरावात तो पाव मैलाचे अंतर थोड्या थोड्या विश्रांतीने दहा वेळा धावे. १९५४ च्या वसंत ऋतूत त्याची प्रगती खुंटली. तेव्हा तो धावणे सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेला. परत येताच त्याचा वेग वाढला. शर्यतीपूर्वीचे पाच दिवसही त्याने विश्रांती घेतली आणि ६ मे १९५४ रोजी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला.

तर मग शर्यती टाळाव्यात काय? मुळीच नाही. केव्हा जोर लावावा, दुसरा पुढे गेला तरी मन कसे स्थिर ठेवावे, हे एकट्याने धावून कळत नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावतात. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरीही त्यांस अंतिम फेरी गाठता आली नाही. ते पुन्हा सरावाला लागले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. पुढे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. शर्यत ही परीक्षा होय. परीक्षा हवीच; पण रोज परीक्षाच दिली, तर अभ्यास कधी होणार?

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी धावत असेल, तर वर्षातील दोन-तीन शर्यती मनाशी ठरवा. उरलेले दिवस सराव, सकस आहार आणि झोप यांना द्या. कोणी प्रत्येक शर्यतीत उतरण्याचा आग्रह केला, तर नम्रपणे नाही म्हणा. तिन्ही बहार सोडणारा बागायतदार उपाशी राहतो आणि तिन्ही धरणारा बाग गमावतो.

स्वाध्याय
१. बागायतदार मोसंबीला ताण का देतो?
२. लेखकाच्या शाळेतील मुलगा मागे का पडू लागला?
३. 'शर्यत ही परीक्षा होय', हे साबळे यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.