कोकरं मारणारा लांडगा

प्रश्न : इंदापूरच्या माळावर आमचा वाडा आहे. लांडग्यानं दोन कोकरं मारली. लोक म्हणतात, बिळाला धूर द्या. देऊ का?
— एक मेंढपाळ

उत्तर : मुळीच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात लांडगा अनुसूची 1 मध्ये आहे. पिल्लं घुसमटली तरी तो शिकारीचाच गुन्हा. शिवाय ती लांडग्यांची जोडी गेली, की माळावर दुसरी येते. मेलेलं कोकरू जागचं हलवू नका. लगेच वनविभागाच्या 1926 वर कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. हिवाळ्यात लांडग्यांना पिल्लं असतात, तेव्हा कोकरं वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) मधोमध ठेवा. वाघर कुठं फाटली, सैल झाली, ते अंधार पडण्याआधी बघा. राखणीची कुत्री मात्र लस टोचलेलीच हवीत, त्यांचे रोग लांडग्यांना लागतात.