घराचा भार जातो कुठे? भार, दाब आणि ताण



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. संध्याकाळी मी सेंट्रिंगवर चढून पाहिलं, तर बाहेर काढलेल्या गॅलरीच्या सगळ्या सळया खाली फळ्यांना टेकलेल्या. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "गुरुजी, सळई ती सळई. वर असली काय नि खाली असली काय, काँक्रीटमध्येच जाणार ना?" मला काही ते पटेना. मी इंजिनिअर साहेबांना फोन लावला. ते आले आणि त्यांनी काम थांबवलं. का थांबवलं असेल? तेच आज समजून घेऊ.

१) भार म्हणजे काय?

घरावर मुख्यतः दोन प्रकारचे भार असतात. पहिला घराचा स्वतःचा भार. याला स्थिर भार म्हणतात. एक घनमीटर आरसीसी काँक्रीटचं वजन सुमारे २५०० किलो असतं. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीवरचा ५ इंची स्लॅब जवळजवळ ३ टनांचा होतो! दुसरा चल भार, म्हणजे माणसं, कपाट, पलंग असं बदलणारं वजन. राहत्या खोलीसाठी तो दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. गच्चीवरची १००० लिटरची टाकी भरली की १ टन पाणी वर चढलं, हेही विसरू नका.

हा सगळा भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलममधून पायात आणि शेवटी जमिनीत जातो. म्हणून हॉल मोठा करायचा म्हणून मधला कॉलम किंवा भार घेणारी भिंत पाडली, तर भाराची वाटच तुटते.

२) प्रतिबल

तोच भार कमी जागेवर आला तर जास्त टोचतो. दप्तराचा पट्टा बारीक असेल तर खांद्याला कसा रुततो, तसंच.

प्रतिबल = बल ÷ क्षेत्रफळ

समजा एका कॉलमवर ३० टन भार आहे. कॉलम ९ बाय १२ इंच, म्हणजे पाऊण चौरस फूट. तेव्हा कॉलममध्ये दर चौरस फुटाला ४० टन येतात. काँक्रीट ते सोसतं, माती सोसणार नाही. म्हणून खाली ४ बाय ४ फुटांचा पाया पसरतात. आता मातीवर दर चौरस फुटाला २ टनांपेक्षाही कमी येतात.

३) दाब आणि ताण: करून पाहा

खडू टेबलावर उभा धरून बोटाने दाबा. सहज तुटत नाही. तोच खडू दोन्ही हातांनी वाकवा. कट्कन तुटतो! काँक्रीटचंही असंच आहे. दाब चांगला सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या भागाइतकीच. ताण सोसायला सळई लागते.

आता एक जाड स्पंज घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारा. दोन पुस्तकांवर ठेवून मधे दाबा. वर रेघा जवळ येतात, म्हणजे दाब. खाली लांब जातात, म्हणजे ताण. म्हणून दोन बीमवर टेकलेल्या स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळया खाली असतात.

मग तोच स्पंज टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर काढा, आतला भाग हाताने घट्ट धरा आणि बाहेरचं टोक दाबा. काय झालं? रेघा वरच्या बाजूला फाकल्या! गॅलरीत ताण वर येतो, म्हणून तिथे मुख्य सळया वरच हव्यात आणि आतल्या स्लॅबमध्ये लांबपर्यंत गेलेल्या हव्यात. आमच्या गॅलरीत त्या खाली राहिल्या असत्या, तर असून नसल्यासारख्याच. सेंट्रिंग काढल्यावर किंवा चार माणसं उभी राहिल्यावर गॅलरी मुळाशी चिरून खाली आली असती.

४) आडवा भार

वारा आणि भूकंप घराला आडवं ढकलतात. भूकंपात घर जितकं जड तितका धक्का मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हेच घडलं. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर मातीचं जाड माळवद. फूटभर मातीचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतं. भिंतीतले दगड नुसत्या मातीत बसवलेले, एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. त्या फुटल्या आणि झोपेतली हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. माळवद उन्हाळ्यात गारवा देतं हे खरं, पण भिंती बांधलेल्या नसतील तर तेच वजन जिवावर उठतं.

शेवटी

आमच्या गॅलरीच्या सळया दुसऱ्या दिवशी वर उचलल्या, खाली लोखंडी घोड्या लावल्या, आणि काँक्रीट टाकताना त्यावर कुणी पाय देऊन दाबू नये म्हणून फळ्या टाकल्या. एक दिवस उशीर झाला, एवढंच. मिस्त्रींनाही स्पंज दाखवला. ते हसले नि म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, गुरुजी."

स्वाध्याय

१) तुमच्या घराचा भार जमिनीपर्यंत कसा जातो, त्याची आकृती काढा.
२) खिडकीवरच्या बाहेर आलेल्या छज्जात मुख्य सळया कुठे असाव्यात? कारण लिहा.
३) १२ बाय १० फुटांच्या खोलीवरच्या ५ इंची स्लॅबचं वजन काढा.
४) जवळपास बांधकाम चालू असेल तर मोठ्या माणसांसोबत जा, बाहेरूनच पाहा आणि सळया कुठे आहेत ते वहीत नोंदवा.