बिडी सुटते, डोकं उठतं

आम्ही चाळीस वर्षे बिडी ओढली. अर्धशिशीही तितकीच जुनी. बिडी सोडली आणि तिसऱ्या दिवशी डोक्याची डावी बाजू ठणकू लागली. ओकारी झाली. उजेड सोसवेना. शेजारी म्हणाले, "गुरुजी, एक ओढा, उतरेल." ओढली. उतरलंही! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असं का होतं? तंबाखूत निकोटीन असतं. शरीराला त्याची सवय जडते. ते मिळालं नाही की डोकं दुखतं. पहिला आठवडा जड जातो. मग २ ते ४ आठवड्यांत त्रास ओसरतो. मधेच बिडी ओढली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आमचं तेच झालं.

दुसऱ्या खेपेला आम्ही वेळेवर जेवलो. उपाशीपोटी अर्धशिशी लवकर उठते. चहा हळूहळू निम्मा केला. बिडी सुटली की तोच चहा जास्त चढतो, झोप उडवतो. डोकं उठलं की अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. रोज घेतली तर गोळीनेच डोकं दुखू लागतं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर ती अर्धशिशी समजू नका. तडक दवाखाना गाठा.